ती कुठल्या काठाला राहत होती?

१

हार्लन राडमाखर गेला तेव्हा त्याची दाढी नुकतीच केलेली होती. त्याच्या मुलीला, ज्युडिथला, हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपत होती.

"बाबांचे हात दोन वर्षं थरथरत होते, लॉरेटा. चमचा तोंडापर्यंत जायचा नाही. मग दाढी कुणी केली?"

आम्ही आयोवातल्या डॅव्हनपोर्टच्या टेकडीवरच्या त्याच्या घरात, त्याच्याच पलंगाशी उभ्या होतो. डॉक्टरांच्या मनात काही शंका नव्हती. म्हातारं हृदय, थांबलं. पण रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा दार उघडं होतं, हार्लनच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता, केस विंचरलेले होते, गोधडी छातीपर्यंत नीट ओढलेली होती आणि घरात दुसरं कुणीच नव्हतं. फोन त्याच घरातून गेला होता. बाईचा आवाज, नाव न सांगता ठेवून दिलेला.

"आणि ते बघ," ज्युडिथने कपाटाच्या माथ्याकडे बोट केलं. धुळीत एक चौकोन स्वच्छ उमटलेला होता. "बाबांचा अ‍ॅकॉर्डियन. गेला."

मी इलिनॉय राज्याच्या कर खात्यात हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलं. निवृत्तीनंतर वसंतात वाचनालयात बसून लोकांची करविवरणपत्रं फुकट भरून देते, आणि एरवी ओळखीपाळखीचे लोक आपापली कोडी घेऊन येतात. ज्युडिथची आई माझी मैत्रीण. तिच्या माघारी ज्युडिथ सीडर रॅपिड्सला राहिली आणि इकडे येणं कमी होत गेलं. हे ती बोलत नव्हती, पण हातमोजे सारखे काढत-घालत होती.

मी घर फिरून पाहिलं. फ्रीजमध्ये 'ब्लू हेरन'चे डबे होते. हे खानावळीवजा हॉटेल नदीपलीकडे, इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला. ते पूल ओलांडून घरपोच देत नाहीत. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. पलंगावर नुसती गादी, फरशी पुसलेली, बेसिनला पाण्याचा डागही नाही.

"इथे कुणी राहत होतं?"

"कोण राहणार? बाबांना माणूस नको असायचा."

पण खोली उबदार होती. खिडकीखालचं हीटर चालू होतं. हार्लन गॅसच्या बिलावरून गॅस कंपनीशी भांडणारा माणूस. रिकामी खोली त्याने तापवली नसती.

ज्युडिथने मोबाईल पुढे केला. समोरच्या शेजाऱ्याच्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र होतं. टोपीचा लांब कोट घातलेली एक बाई, पाठमोरी, हातात चौकोनी पेटी.

"ही चोर. रविवारपर्यंत शोध मला. नाहीतर हा फोटो मी सगळीकडे टाकणार."

मी फोटोखालची तारीख वाचली. तो हार्लन जाण्याच्या आधीच्या आठवड्यातला होता. जी बाई चोरून पेटी नेते, ती परत येऊन म्हाताऱ्याची दाढी का करील?

२

ब्लू हेरनचा मालक ताकिस ड्रोसोस. त्याचा आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. एरवी मी आत शिरले की तो गल्ल्यावरूनच माझ्या नावाने ओरडतो. त्या दिवशी मी हार्लनचं नाव काढलं आणि तो गल्ला पुसायला लागला.

"यायचा बुधवारी. गुडघे गेल्यावर बंद झाला. देव त्याला शांती देवो. आणखी काय?"

"त्याच्या फ्रीजमध्ये तुझे डबे आहेत."

"माझे डबे अख्ख्या गावाच्या फ्रीजमध्ये आहेत."

"तुझ्या माणसांपैकी नदीपलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही. सगळी इकडची." उत्तर फार पटकन आलं. मग तो चालत जाऊन कोठीच्या दारासमोर उभा राहिला. काही काम नसताना. "लॉरेटा, तू माझी जुनी गिऱ्हाईक. चेरीचा पाय खा, कॉफी पी. माझ्या माणसांचे पत्ते विचारू नकोस."

वॉनेटा प्रुइट तिथे इतकी वर्षं वाढपाचं काम करतेय की नवी गिऱ्हाइकं तिलाच मालकीण समजतात. ती कॉफीचं भांडं घेऊन आली.

"मला काय विचारतेस गं? माझे पाय संध्याकाळी या टेबलापासून त्या टेबलापर्यंत जाईनात, नदीपलीकडे कुठे नेऊ? हार्लन भला होता. पै पै मोजायचा, पण टिप ठेवल्याशिवाय उठायचा नाही."

ग्रेडी मसग्रेव्ह दिवसा तव्यावर असतो आणि शनिवारी एका बँडमध्ये गिटार वाजवतो. मी त्याला म्हटलं, हार्लनच्या घरातून एक वाद्य गेलंय.

"तो लाल अ‍ॅकॉर्डियन?" तो म्हणाला. "हां, भाता फाटलेला. तसल्या भात्याची दुरुस्ती म्हणजे—"

त्याने जीभ चावली. तव्यावरचं अंडं करपायला लागलं.

"तू तो पाहिलास, ग्रेडी?"

"नाही."

"मग भाता फाटलाय हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता?"

मी फक्त 'वाद्य' म्हणाले होते. ते त्यालाही कळलं. त्याने अंडं कचऱ्यात टाकलं आणि माझ्याकडे पाठ केली.

चौथी होती कोरीन हॅल्वर्सन. पहाटे येऊन फळांचं गोड सारण भरलेले पाय भाजते आणि लोक जेवायला यायच्या आत सहसा आत भटारखान्यात गडप होते. पस्तिशीची असेल. बोलते हळू, हसते त्याहून हळू.

"मी इकडे मोलीनला असते, आत्याकडे," ती पीठ मळत म्हणाली. मी विचारण्याआधीच.

"मीही मोलीनची. कुठल्या भागात?"

"टेकडीवर." तिने पिठाचा गोळा पाटावर आपटला. "माफ करा, ओव्हन बघायचाय."

ताकिस काहीतरी झाकत होता. ग्रेडीला अ‍ॅकॉर्डियन ठाऊक होता. दोघांमधला चोर कोण, एवढाच प्रश्न उरला असं मला वाटलं. मी चुकत होते.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी पुन्हा गेले. एप्रिलचा शेवट होता, विवरणपत्रं भरण्याची तारीख नुकतीच उलटून गेली होती. नदीकाठच्या दोन्ही गावांत लोक एकच गोष्ट बोलत होते. वॉनेटाने मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं.

"ही बघा आली! हिनंच माझे कराचे कागद भरले आणि हिनंच माझ्या तोंडचा घास काढला. वॉशिंग्टनवाले म्हणाले, टिपवरचा कर सोडला. मी मनातल्या मनात नवीन फ्रीज घेतला. आणि ही बाई म्हणते, इलिनॉय नाही सोडणार!"

"कायदा मी केला का?"

"चेहरा तर केल्यासारखाच होता तुझा."

ग्रेडीही कालचं विसरून हसला. "माझ्या ओव्हरटाइमचंही तेच. केंद्राने सूट दिली, राज्याने अंगठा दाखवला. असं का पण? एकच पगार, एकच कागद."

"कागद एकच, पण तो वाचायचा कुठून, ते वेगळं," मी म्हटलं. "केंद्राचा हिशेब वरून खाली उतरतो. आधी सगळी कमाई. तिच्यातून काही वजा केलं की मध्ये एक आकडा येतो. टिपची आणि ओव्हरटाइमच्या जादा वाट्याची नवी वजावट आहे त्याच्या खाली. ती झाली की शेवटचा आकडा. इलिनॉय आपला हिशेब त्या मधल्या आकड्यापासून सुरू करतं. त्याला खालची वजावट दिसतच नाही."

"आणि पलीकडचे?" वॉनेटाने हनुवटीने नदी दाखवली.

"आयोवा खालचा, शेवटचा आकडा उचलतं. वजावट त्यात आधीच झालेली असते. तिकडच्यांना काही न करता मिळते."

"म्हणजे मी ही कॉफी पलीकडे जाऊन ओतली असती तर—"

"तरी नाही. तू राहतेस इकडे. दोन राज्यांचा करार आहे, पगार कुठेही कमव, राज्याचा कर तू जिथे राहतेस तिथेच."

"बघा! काम कुठे करता ते नाही, झोपता कुठे ते बघतात. मेल्यांना दुसऱ्याच्या पलंगात डोकवायची भारी हौस."

सगळे हसले. भटारखान्याच्या खिडकीतून कोरीनने ताज्या चेरी पायचं ताट बाहेर सरकवलं. तीही पहिल्यांदाच मोकळी हसत होती.

"मला तर राज्यानेही सोडलं गं," ती म्हणाली. "गेलं वर्षभर एवढा ओव्हरटाइम केला, त्यावर दोन्हीकडे सूट."

"कुणी भरून दिलं तुला?" ग्रेडीने विचारलं. "मला दे त्याचा नंबर."

"कुणी नाही. फोनवरच्या अ‍ॅपमध्येच भरलं. त्यानेच सगळं आपोआप केलं."

"तू कुठल्या राज्यात राहतेस गं मग?" वॉनेटा म्हणाली. "स्वर्गात?"

पुन्हा हशा झाला. फक्त कोरीन हसली नाही. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. खिडकी बंद झाली आणि आत कुठलंसं भांडं जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

ताकिस गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होता. तो माणूस घाबरलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

४

घरी जाऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि ते एक वाक्य सगळ्या बाजूंनी तपासलं. नोकरीत आम्ही आकड्यांचं असंच करायचो.

कोरीन फुशारकी मारत होती का? फुशारकी मारणारा माणूस घाबरून खिडकी लावत नाही.

मग तिच्या हातून चूक झाली असेल? स्वतः पेनाने भरलं असतं तर म्हटलं असतं, नको ती वजावट लावून बसली. पण तिने फोनवर भरलं. ती यंत्रणा सगळ्यात आधी राहण्याचा पत्ता विचारते आणि त्या राज्याचे नियम लावते. इलिनॉयचा पत्ता दिला असता तर ती सूट तिला मिळालीच नसती.

म्हणजे पत्ता आयोवाचा होता. कोरीन काम करत होती इलिनॉयच्या ओव्हनसमोर आणि झोपत होती नदीपलीकडे. मोलीनची आत्या खोटी. हार्लनच्या घरातली तापलेली रिकामी खोली खरी.

माझ्या हातात चोर होता. ज्युडिथला फोन करायला मी उठलेसुद्धा. मग पुन्हा बसले.

कारण इतकी वर्षं मी खोटे पत्ते देणारे लोक पाहिलेत. ते शेजाऱ्याला खरा पत्ता सांगतात आणि कर खात्याला खोटा. ही बाई उलटं करत होती. मैत्रिणींना, गिऱ्हाइकांना, मला, सगळ्यांना खोटं, आणि जिथे लोक चार पैसे वाचवायला खोटं बोलतात त्या एका ठिकाणी खरं. आणि तिच्या पगारातून आयोवाचा कर कापायचा, तर तो पत्ता ताकिसलाही ठाऊक हवा. तरी तो म्हणाला, सगळी इकडची.

असा माणूस फसवत नसतो. तो लपत असतो. आणि त्याच्याभोवतीची माणसं त्याला लपवत असतात.

मग मला ज्युडिथचा तो फोटो आठवला, जो ती सगळीकडे टाकणार होती. सकाळी सगळ्यात आधी ताकिसला गाठायचं मी ठरवलं.

५

सकाळी मी सरळ ताकिससमोर उभी राहिले आणि अगदी हळू म्हटलं, "तिचं घर पलीकडे होतं हे मला कळलंय. मी मोठ्याने बोलणार नाही. पण तिच्याशी आजच बोलायला हवं."

मग त्याने कोठीचं दार उघडलं.

पिठाची पोती आणि टोमॅटोचे डबे यांच्यामध्ये एक घडीची खाट होती. कोरीन तिच्यावर बसली होती. कोट अंगातच होता. वॉनेटाच्या त्या एका थट्टेनंतर ती रात्रभर निघायच्या तयारीत बसून होती.

"पोलिसांना सांगितलंत?"

"नाही. आधी तू मला सांग. कुणापासून लपतेस?"

नवऱ्यापासून. लोवेल स्ट्रँड, गेल्सबर्गचा. घटस्फोट झाला होता, त्याने तिच्याजवळ येऊ नये असा कोर्टाचा आदेशही होता. "आदेश माझ्या पर्समध्ये असतो," कोरीन म्हणाली. "गेल्या वेळी त्याने दार तोडलं तेव्हाही तो पर्समध्येच होता." ती इथे आली आणि ताकिसने तिला गिऱ्हाईक दिसणार नाही असं काम दिलं. पुढे हार्लनचे गुडघे गेले. बुधवारचं सूप त्याच्याकडे पोचवायला ताकिसने तिलाच पाठवलं.

"ते म्हणाले, वर एक खोली आहे. त्या पायऱ्या मला चढवत नाहीत, तुला चढवतील. एवढंच. कुणापासून पळतेस, का, काही विचारलं नाही. भाडं घेईनात. मग मी म्हटलं, मी दाढी करीन तुमची. त्यावर भांडण झालं आमचं, आणि मग करू दिली."

"आणि त्या सकाळी?"

तिने हात मांडीवर घट्ट दाबले.

"एक गाल झाला होता. ते बोलत होते, ज्युडिथबद्दल. मी वस्तरा धुवायला बेसिनपाशी गेले. वळून बघते तर..." ती थांबली. "दुसरा गाल राहिला होता. अर्धवट कसं ठेवू त्यांना? मी तो केला. सदरा बदलला. मग फोन केला."

बाहेर बशांचा आवाज येत होता. ताकिस दाराशी पाठ टेकून उभा होता. तो छताकडे बघत होता.

"पोलीस नाव विचारणार, पत्ता लिहून घेणार, पेपरात येणार. लोवेल पेपर वाचतो. मी खोली पुसली आणि निघाले. ताकिसने इथे खाट टाकली."

"अ‍ॅकॉर्डियन?"

"मस्कटीनला आहे, दुरुस्तीला. हार्लनने सांगितलं म्हणून नेला. भाता फाटला होता. कुठे द्यायचा ते मी ग्रेडीला विचारलं आणि त्याच्याकडून शपथ घेतली. हार्लनचं म्हणणं होतं, ज्युडिथ लहानपणी छान वाजवायची. ती पुढल्या वेळी आली की देऊ, म्हणजे जरा जास्त वेळ थांबेल."

माझा फोन वाजला. ज्युडिथ होती. रविवार यायला अवकाश होता, पण तिला धीर धरवला नव्हता.

"टाकला मी फोटो," ती म्हणाली. "ब्लू हेरनचं नाव घालून. लोक धडाधड पुढे पाठवताहेत. आता बघच तू, कुणीतरी ओळखेल."

६

"काढून टाक तो," मी म्हटलं. "आत्ता. मग ये आणि मला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

"का पण?"

"तुझ्या आईची शपथ आहे, ज्युडिथ."

ती आली तोवर फोटो काढून टाकलेला होता, पण तो कुठे कुठे पोचला ते कुणाला सांगता येणार? मी तिला मागच्या दाराने कोठीत आणलं. ती भांडायच्या तयारीनेच आली होती. खाटेवरच्या बाईकडे पाहून म्हणाली, "ही?"

कोरीन उठून उभी राहिली आणि मला जे सांगितलं तेच तिने पुन्हा सांगितलं, शब्द न सजवता. एक गाल, मग दुसरा. मस्कटीन. ज्युडिथ एका पोत्यावर बसली.

"माझ्याबद्दल बोलत होते म्हणालीस. काय?"

कोरीनने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"म्हणाले, ज्युडिथचा गाजराचा केक कोरडा होतो. घशाखाली उतरत नाही. पण तिला सांगू नकोस, ती मग आणायची बंद होईल."

ज्युडिथ हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती हमसून रडायला लागली. "दोन वर्षं मी केक आणलाच नाही," ती म्हणाली. "फोनसुद्धा..." ताकिसने आपल्या खांद्यावरचं फडकं तिला दिलं. त्याला कांद्याचा वास होता, पण तिने त्यातच तोंड पुसलं.

मग तिने फोटोचं विचारलं आणि कोरीनने लोवेलचं सांगितलं. ज्युडिथ पांढरीफटक पडली.

"मी हॉटेलचं नाव घातलं."

ताकिसने मागच्या दाराला कडी घातली.

"तुझं सामान कुठाय?" ज्युडिथने एकदम विचारलं.

"एवढंच." खाटेखाली एक पिशवी होती.

"गाडी मागेच आहे. माझ्याकडे चल. सीडर रॅपिड्सला माझ्या घरी एक खोली रिकामी आहे."

"नको. दया म्हणून नको."

"दया कसली!" ज्युडिथचा आवाज चढला. "मी तुला चोर म्हणून गावभर केलं आणि आता तू म्हणतेस दया? मला बाबांबद्दल ऐकायचंय. शेवटची दोन वर्षं तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. रोज थोडं थोडं सांग. तेच भाडं समज."

कोरीनने पिशवी उचलली. ताकिस कुरकुरला, "आणि उद्याचे पाय कोण भाजणार?" पण हे म्हणताना तो एका डब्यात चेरी पाय भरत होता. मागच्या गल्लीतून गाडी निघाली तेव्हा ग्रेडी आणि मी कचऱ्याच्या डब्यांशी उभे होतो. आधी मस्कटीनला जाऊन अ‍ॅकॉर्डियन घ्यायचा आणि मग पुढे, असं ठरलं होतं. ग्रेडीने मला विचारलं, "तुमचा राग नाही ना? मी खोटं बोललो." मी म्हटलं, "बरा बोललास. फक्त अंडं वाया घालवलंस."

७

तो दोन दिवसांनी आला.

मी त्याला राक्षस समजत होते. तो नीटनेटका निघाला, कोट इस्त्रीचा, बोलणं मऊ. गल्ल्याशी बसला, कॉफी मागितली आणि वॉनेटासमोर मोबाईल ठेवला. ज्युडिथने काढून टाकलेला फोटो कुणीतरी जपून ठेवला होता.

"बाईसाहेब, ही माझी बायको आहे. जरा आजारी असते, मनाने. घरचे काळजीत आहेत. इथे काम करते का?"

वॉनेटाने चष्मा लावून फोटो पाहिला. ताकिसने गल्ला बंद केला. तव्याचा चर्र आवाज थांबला. काय बोलायचं ते आमच्यापैकी कुणीही कुणाशी ठरवलेलं नव्हतं.

"ही?" वॉनेटा म्हणाली. "अरे राजा, ही तर मी."

"तुम्ही?"

"पाठमोरी बरी दिसते ना? समोरून दिसतात ते हिशेब वेगळे. कोट माझ्या बहिणीचा आहे, बघायचाय?"

"आणि ती पेटी माझी आहे," ग्रेडी खिडकीतून म्हणाला. "माझ्या बँडची. काही तक्रार?"

लोवेलने हसून मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला. एवढ्या लोकांत प्रामाणिक चेहरा त्याला बहुधा माझाच वाटला.

"आणि तुम्ही, बाई? तुम्हीही ओळखता हिला?"

आयुष्यभर मी खोटे जबाब ऐकले आणि ते पकडले. खोटं कुठे फसतं ते मला ठाऊक होतं. फार सजवलं की फसतं.

"मीच तिला पुलापलीकडे सोडलं होतं त्या दिवशी," मी वॉनेटाकडे बोट करून म्हटलं आणि समोरचा चेरी पाय खाऊ लागले. "गुडघे दुखतात तिचे."

तो थोडा वेळ बसून राहिला. आम्ही सगळे आपापलं काम करत राहिलो. ताकिस त्याच्या गाडीचा नंबर बघायला सहज म्हणून दारापर्यंत जाऊन आला. पोलिसांत ताकिसचा एक भाचा आहे, आणि कोर्टाचा आदेश कोरीनच्या पर्समध्ये असला तरी त्याची एक प्रत तिकडेही होती.

शेवटी लोवेल उठला. कॉफीच्या कपाखाली त्याने एक मोठी नोट ठेवली. इतक्या कॉफीला कुणी ठेवत नाही एवढी. "बोलावंसं वाटलं तर," तो वॉनेटाला म्हणाला, "मी पुन्हा येईन." दारावरची घंटी वाजली.

वॉनेटाने कप उचलला. नोटेकडे पाहिलं. मग सांधे दुखणारी ती बाई, कोटही न घालता, भराभर चालत बाहेर गेली. काचेतून आम्हाला दिसत होतं. तिने त्याच्या गाडीची खिडकी ठोठावली, ती खाली होईपर्यंत थांबली, आणि नोट आत, त्याच्या मांडीवर ठेवली.

काय बोलली ते ऐकू आलं नाही. आत आली तेव्हा वाऱ्याने तिचे केस विस्कटले होते.

"काय म्हणालीस त्याला?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, तुमचं काहीतरी इथे राहिलं होतं." तिने फडकं घेतलं आणि त्याची जागा पुसायला लागली. "म्हटलं, आता काहीच राहिलं नाही."